दुसरा चिमटा

गेल्या महिन्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दादरला. (फोन करून चौकशी करणाऱ्या सगळ्यांना एकदमच सांगते: आई मजेत आहे. समोरच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर कोणाचे कपडे वाळताहेत तेही हल्ली सांगते.) त्या सकाळी तिला चार वेळा नाव विचारलं. खाली काउंटरवर विचारलं ते ठीक. मग वर नर्सने विचारलं, मग भूल देणाऱ्या डॉक्टरांनी, मग आत नेताना आणखी एका मुलीने. आणि दर वेळी पुढचा प्रश्न, "कोणता डोळा, आजी?" मनगटाला नावाची पट्टी होतीच. ती वाचायची, आणि तरी विचारायचं. शिवाय उजव्या भुवईच्या वर निळ्या पेनाने एक बाण काढला होता.

आई वैतागली. "पट्टीवर लिहिलंय ना सगळं? वाचता येत नाही का हिला? आणि हे कपाळावर काय काढून ठेवलंय, मी काय मुंजीतला बटू आहे?"

मावशी शेजारी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "विचारू दे गं. मला कोणी तेव्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं."

घरातल्यांना हे वाक्य कळेल. बाकीच्यांसाठी सांगते. मावशीला विचारूनच लिहितेय, ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव घालू नकोस, आणि हॉस्पिटलचं तर अजिबात नको."

मावशी स्टाफ नर्स होती. १९८४ मधली गोष्ट. नाईट ड्यूटी, भरलेला वॉर्ड, खाटा संपल्या म्हणून जमिनीवर गाद्या, आणि दोन नर्सेस. त्यातली एक पलीकडे सलाईन लावत होती. मावशीला एका पेशंटला अँटिबायोटिक द्यायचं होतं. बाटलीतली पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची आणि शिरेतून द्यायची, रात्रीतून दहा वेळा करायचं काम. तिने ट्रेमधून अँप्यूल उचलली, मान मोडली, सिरिंजमध्ये ओढली, बाटलीत सोडली, हलवली. रिकामी अँप्यूल टाकताना सहज नजर गेली. डिस्टिल्ड वॉटर नव्हतंच ते, पोटॅशियम क्लोराइड होतं. दोन्ही पाण्यासारखी, दोन्ही दहा मिलीची, काच तीच, अक्षरं तेवढीच बारीक, आणि दोन्ही एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी. पोटॅशियम सलाईनच्या मोठ्या बाटलीत मिसळून सावकाश देतात. तेच सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं.

इंजेक्शन दिलं गेलं नाही. पेशंट झोपलेला होता, त्याला कधी कळलंही नाही. मावशीने ती बाटली बाजूला ठेवली, नवीन बनवली, दिली, आणि सकाळी स्वतः होऊन सिस्टर-इन्चार्जना सांगितलं. तिला वाटलं, सांगावं, म्हणजे ते दोन डबे वेगळे करतील.

तिला मेमो मिळाला. चौकशी झाली, एक इन्क्रिमेंट थांबलं. "निष्काळजीपणा" हा शब्द तिच्या कागदावर चढला. ट्रे जिथे होता तिथेच राहिला, आणि दोन्ही अँप्यूल त्यात तशाच शेजारी शेजारी. "आणि तेव्हापासून त्या वॉर्डात कोणी काही सांगितलं नाही," मावशी म्हणते. "चुका व्हायच्या थांबल्या असं नाही हं."

मग तिने एक उद्योग सुरू केला. रोज ड्यूटीवर आल्या आल्या पोटॅशियमच्या प्रत्येक अँप्यूलला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि त्यावर लाल पेनाने फुली मारायची. इतर नर्सेस हसायच्या. नंतर त्याही लावायला लागल्या. पुढे कित्येक वर्षांनी जगभरच्या हॉस्पिटलांनी ठरवलं की तीव्र पोटॅशियमच्या अँप्यूल वॉर्डातल्या कपाटात ठेवायच्याच नाहीत. माझ्या मावशीने ते चिकटपट्टीवर भागवलं होतं.

आता हा इतिहासाचा लेख कसा, असं वाटत असेल. आईला डोळा दाखवायला परळला एका डॉक्टरांकडे नेलं होतं, तिथून येताना आचार्य दोंदे मार्गावर टॅक्सी अडकली. केईएम, टाटा, वाडिया... त्या सगळ्या घोळक्यात झाडांमागे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. मावशी म्हणाली, "इथेच सापांचं औषध बनतं ना?" बनायचं, हो. पण मला तिथली वेगळीच गोष्ट आठवली, आणि घरी येऊन मी ती तिला सांगितली.

ती इमारत म्हणजे पूर्वीचा गव्हर्नरचा बंगला. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच कॉलऱ्याने वारल्या, आणि त्यानंतर साहेबलोकांनी परळचा नाद सोडून मलबार हिल गाठलं. (कॉलऱ्याला गव्हर्नरचा बंगला आणि गिरणगावातली चाळ सारखीच.) १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलावलं. ओडेसाचा हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम करून आलेला, भारतात कॉलऱ्याची लस टोचत फिरत होता. त्यांना भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला. तीनेक महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. मागणी वाढत गेली, जागा बदलत गेल्या, आणि १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या त्या रिकाम्या बंगल्यात आली. इथून बाटल्या भरभरून देशभर जायच्या.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने लसीची प्रचंड मागणी केली. ती पुरी करण्यासाठी हाफकिन यांनी बनवण्याची पद्धत बदलली. त्यात पूर्वी लसीत घालत असलेलं कार्बोलिक अॅसिड वगळलं आणि जंतू मारण्यासाठी उष्णतेवर भिस्त ठेवली. हे लक्षात ठेवा, पुढे याचंच भांडवल झालं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकोवाल नावाचं गाव (आता पाकिस्तानात आहे). त्या दिवशी तिथे १०७ जणांना लस टोचली. परळहून आलेल्या पाच बाटल्या वापरल्या. आठवड्याभराने त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला, आणि एकोणीसच्या एकोणीस गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचलं होतं. बाटलीचा क्रमांक ५३-एन. बाकी चार बाटल्यांतल्या कोणाला काहीही झालं नाही.

मावशी इथे मध्येच म्हणाली, "क्रमांक लिहिलेला होता?" होता. कोणाला कुठल्या बाटलीतलं टोचलं तेही लिहिलेलं होतं. "मग बरं," ती म्हणाली. मला या "मग बरं"चं हसू आलं, पण तिचं खरं होतं. ती नोंद नसती तर १०७ जणांत १९ जण मेले एवढंच कळलं असतं, आणि पाचही बाटल्या, किंबहुना लसच वाईट ठरली असती.

सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. समितीने निष्कर्ष काढला की घाण बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळलाच, आत शिरली होती. कार्बोलिक वगळलं हे हाफकिन यांच्या विरोधात गेलं. त्यांना प्रयोगशाळेवरून दूर केलं, १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. पुढे काही लोक या प्रकरणाला छोटं ड्रेफस प्रकरण म्हणू लागले. फ्रान्समध्ये ज्यू म्हणून एका अधिकाऱ्याला खोट्या आरोपाखाली अडकवलं होतं, त्यावरून.

चौकशीची सगळी कागदपत्रं बाहेर यायला १९०६ चा शेवट उजाडला. ती वाचल्यावर मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ खवळले, कारण उत्तर त्या कागदांतच होतं. मलकोवालच्या कंपाउंडरचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवून त्याने त्याच चिमट्याने ५३-एन चं बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ती बाटली उघडल्यावर डॉक्टरांनी वास घेऊन पाहिला होता, वास आला नव्हता. जंतू परळपासून आत वाढत असते तर बाटलीला दुर्गंधी यायला हवी होती, आणि तयार झालेल्या विषामुळे माणसं आठवडाभर थांबली नसती, लवकर आजारी पडली असती. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिलं, आणि त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना निर्दोष ठरवलं. ते भारतात परत आले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा काही त्यांना परत मिळाली नाही. तिला त्यांचं नाव दिलं ते १९२५ मध्ये.

आपल्याकडे ही गोष्ट साधारण "थोर शास्त्रज्ञावर झालेला अन्याय" म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण मला दोन गोष्टी खटकतात. पहिली, मधली पाच वर्षं. मलकोवालनंतर पंजाबात लोक लसीच्या नावानेच घाबरले, मोहीम बसली. एकट्या १९०७ सालात त्या प्रांतात पाच लाखांहून जास्त माणसं प्लेगने गेली. ती सगळी लसीने वाचली असती असं कोणी म्हणणार नाही. पण लस चांगली होती, बिघाड बाटली उघडतानाचा होता, हे पाच वर्षं कोणी लोकांना नीट सांगितलं नाही.

दुसरी अशी की हाफकिन सुटले ते कंपाउंडरवर बोट ठेवून. पूर्वी मोठा साहेब दोषी होता, आता छोटा माणूस दोषी. पण एका चिमट्यावर एकोणीस जीव टांगलेच कसे होते? एका बाटलीतून इतक्यांना टोचायचं, उघड्यावर, धुळीत, रांग लागलेली, आणि बूच काढण्यासाठी चिमटाच लागेल अशी बाटली. कोणाच्या तरी हातून कधीतरी चिमटा पडणारच की.

आज पेशंट सेफ्टी म्हणून जे शिकवतात त्याचं सार साधारण हेच आहे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा एक अहवाल गाजला. त्यात अंदाज होता की तिथल्या हॉस्पिटलांत टाळता येण्याजोग्या चुकांनी वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं मरतात, आणि त्यांचं म्हणणं असं की चुकणारी माणसं वाईट नसतात, कामाची रचना चुकीला जागा देते. विमानवाल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनच्या आधी, मधे आणि नंतर मोठ्याने वाचायची एक एकोणीस कलमी यादी काढली. पेशंट कोण, ऑपरेशन कशाचं, जागा कोणती, सर्वांनी ऐकेल असं बोलायचं. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. तर आई, तुझ्या कपाळावरचा बाण तिथून आला.

एवढ्यावर लेख संपवता आला असता, आणि मला बरंही वाटलं असतं. पण मधे जे. जे. येतं.

हाफकिन यांना जिथे पहिली खोली मिळाली ते ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. हॉस्पिटल एकाच आवारात आहेत. नव्वद वर्षांनी, जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये तिथे चौदा पेशंट गेले. त्यांना मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करायला ग्लिसरॉल दिलं होतं. साधं, जुनं, स्वस्त औषध, तोंडावाटे घ्यायचं. ते घेतलेल्यांची मूत्रपिंडं बंद पडत गेली. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, कारखान्यात वापरायचं द्रव्य, चवीला गोड, दिसायला ग्लिसरीनसारखंच, आणि पोटात गेलं तर विष.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. मावशी तेव्हा नोकरीत होती. ती सांगते की ड्यूटीच्या खोलीत पेपर हातोहात फिरायचा, आज आयोगासमोर कोण काय बोललं ते बघायला. १९८७ च्या अखेरीस आलेला आणि १९८८ मध्ये लोकांसमोर खुला झालेला तो अहवाल भयंकर आहे. खरेदी करणारे, पुरवठा करणारे, परवाने देणारे, औषध तपासणारं खातं, हॉस्पिटलचं प्रशासन, थेट मंत्र्यांपर्यंत कोणालाही लेंटिन यांनी सोडलं नाही. आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. केईएमचे न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर लिहिलं, त्यामुळे जगालाही कळलं.

इथे "माणसं वाईट नसतात, रचना वाईट असते" हे पालुपद चालत नाही. रचना वाईट होती हे तर खरंच. डबा येतो, लेबल वाचतात, वापरतात, मध्ये कोणी उघडून तपासत नाही. पण ती तशी राहण्यात काही लोकांचा फायदा होता, आणि लेंटिन यांनी ते नावानिशी लिहिलं. "यंत्रणेतल्या त्रुटी" हा शब्द त्यानंतर मी जेव्हा जेव्हा सरकारी निवेदनात वाचते, तेव्हा मला जरा घाईघाईने पाठमोरी होणारी माणसं दिसतात.

आणि ते विष नवीनही नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेत त्याच द्रव्यात विरघळवलेल्या औषधाने शंभरावर माणसं मेली होती, त्यात बरीच मुलं. त्यावरूनच तिथला औषधांचा कडक कायदा आला. जे. जे. नंतर १९९८ मध्ये गुडगावला, २०२० च्या आसपास जम्मूत, २०२२ मध्ये भारतातून गेलेल्या सिरपमुळे गांबियात, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला, जिथे वीसहून जास्त मुलं खोकल्याच्या औषधाने गेली. छिंदवाड्याची बातमी आली तेव्हा पहिल्यांदा कोणाला अटक झाली असेल? औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला. कारखान्याच्या मालकाला नंतर. डॉक्टरची काही चूक नव्हती असं मी म्हणत नाही. पण बाटलीत काय आहे हे त्याला बाहेरून बघून कळणार नव्हतं. जे. जे. च्या वॉर्डातल्या नर्सलाही नव्हतं कळणार.

म्हणून माझा गोंधळ आहे, आणि तो मी लपवत नाही. मावशीच्या हातून झालं त्याला मेमो देणं चूक होतं, याबद्दल मला शंका नाही. आणि जे. जे. च्या बाबतीत नावं घेतली नसती तर ते पाप झालं असतं, याबद्दलही नाही. मग रेघ कुठे ओढायची? मी हे मावशीलाच विचारलं. तिने फार विचार केला नाही. "मी सकाळी जाऊन सांगितलं," ती म्हणाली. "ते लोक लपवत बसले."

मी म्हटलं, पण मावशी, तो मेमो मिळाल्यावर पुन्हा अशी चूक झाली असती तर तू सांगितलं असतंस?

ती गप्प बसली. मग म्हणाली, "नसतं सांगितलं बहुतेक." आणि थोड्या वेळाने, "म्हणून तर चिकटपट्टी लावत होते."

आईच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात, दोन वेगवेगळ्या बाटल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींची झाकणं पांढरी. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर एका बाटलीला चिकटपट्टी होती आणि त्यावर लाल फुली. मावशी समोर बसून पेपर वाचत होती, जणू तिचा काही संबंधच नाही.

रात्री जेवताना अचानक म्हणाली, "तो तुझा पंजाबातला कंपाउंडर."

"त्याचं काय?"

"शंभर माणसं रांगेत, आणि त्याला चिमटा एकच दिला असणार. दुसरा असता तर त्याने पडलेला उचललाच नसता." मग आईकडे वळून, "तुझे नऊचे थेंब राहिलेत. फुली नसलेली बाटली."